नाव सोनूबाई, गळ्यात हिरवी चिठ्ठी

मैत्रिणींनो, सणासुदीला साडी घेतली की दुकानदार ती ज्या पिशवीत घालून देतो, ती पिशवी आज जरा हातात घेऊन बघा. बहुतेक हिरव्या नाहीतर पांढऱ्या रंगाची असेल, दोन बंदांची, हाताला कापडासारखी लागणारी. वर झाडाचं चित्र आणि ‘पर्यावरण वाचवा’ असं काहीतरी छापलेलं. आपण तिला ‘कापडी पिशवी’ म्हणतो आणि घडी घालून फडताळात जपून ठेवतो. आता ती उजेडासमोर धरा. उभा-आडवा धागा दिसतो का? नाही दिसायचा, कारण ती विणलेलीच नसते. प्लास्टिकचे बारीक तंतू एकावर एक पसरून, तापवून, दाबून चिकटवलेले असतात. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांत तर तिला सरळ ‘न विणलेली प्लास्टिक पिशवी’ असंच म्हटलंय. २०१८ साली आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा हीसुद्धा त्या बंदीत होती. पुढे जाड पिशवीला मुभा मिळाली, इतकंच.

म्हणजे प्लास्टिकच, पण वर झाडाचं चित्र! आपल्या आज्या याला ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणायच्या. हल्ली इंग्रजीत ‘ग्रीनवॉशिंग’ असा शब्द निघालाय. वस्तू जशी आहे तशीच ठेवायची, वरून हिरवा रंग फासायचा आणि गिऱ्हाईकाच्या चांगुलपणावर धंदा करायचा. पिशवी तर दुकानदार फुकट देतो. पण हाच हिरवा रंग पिशवीतल्या कपड्यावर चढतो तेव्हा त्याचे पैसे आपल्या पाकिटातून जातात. आणि आपल्याखेरीज आणखी कुणाच्या तरी खिशातूनही जातात. ते कुणाच्या, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

आमचं लोणंद कांद्याच्या पेठेचं गाव. गुरुवारच्या बाजारात नव्यानं आलेली सूनसुद्धा वर्षभरात तयार होते. जोड कांदा कुठला, गोल्टी कुठली, डेंगळा कुठला, हे ती हात लावताच सांगते. कांदा दाबून बघता येतो, सोलून बघता येतो. साडीचंही बरंचसं तसंच असतं. पोत हाताला कळतो, रंग जातो की नाही ते ओल्या रुमालाचं टोक घासून कळतं. पण कापूस पिकवताना शेतकऱ्यानं विषारी औषध फवारलं की नाही, हे साडीला हात लावून कळेल का? सुताला वास नाही, चव नाही, रंग नाही. ‘ऑरगॅनिक’, म्हणजे सेंद्रिय, हा असा गुण आहे की तो डोळ्यांना दिसतच नाही. जो गुण दिसत नाही, तो विकणाऱ्याच्या शब्दावर विकत घ्यावा लागतो. सगळी मेख इथेच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी इथल्या एका मंगल कार्यालयात कपड्यांचं प्रदर्शन लागलं होतं. एका टेबलावर दोन ढीग होते. दोन्हीकडे तसेच सुती कुडते, तसाच पोत. एका ढिगातला कुडता साडेपाचशेला, दुसऱ्यातला साडेअकराशेला. दुसऱ्याच्या गळ्याशी सुतळीनं बांधलेली खाकी कागदाची चिठ्ठी, तिच्यावर हिरवं पान आणि ‘शंभर टक्के ऑरगॅनिक, धरतीमातेला अनुकूल’ अशी अक्षरं. मी विकणाऱ्या मुलीला विचारलं, “कापूस कुठला गं हा?”

“ऑरगॅनिक आहे, मॅडम.”

“ते वाचलं मी. पण ऑरगॅनिक आहे हे तपासलं कुणी?”

“कंपनीकडून तसंच येतं.”

माझ्याबरोबर शेजारच्या वहिनी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “अहो, घ्यायचा तर घ्या, नाहीतर राहू द्या. त्या पोरीला कशाला पेचात धरताय?” त्यांचंही खरं होतं. महिन्याच्या पगारावर राबणारी मुलगी, तिला बिचारीला काय ठाऊक असणार! पण मला राहवत नाही. कारण माझं सासर लोणंदचं असलं, तरी माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, आणि तिथे आमच्या घरी कापूस पिकतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या गावात सेंद्रिय कापसाचा एक गट निघाला. रासायनिक खत घालायचं नाही, फवारणी करायची नाही, बियाणंही साधंच वापरायचं, बीटीचं नाही. माझा दादा दोन एकरांपुरता त्या गटात गेला. शेणखत, निंबोळीचा अर्क, सगळं त्यानं मनापासून केलं. एकरी सात-आठ क्विंटल निघायचा तो कापूस चार-पाचावर आला. ‘ऑरगॅनिक’ म्हणवून घ्यायला जमिनीला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात, आणि तोवर माल साध्या भावानंच विकायचा. तेही त्यानं सोसलं. पण तिसऱ्या वर्षीही ज्यादा भाव हाती आला नाही. घरात लग्न निघालं होतं, कर्ज होतं. दादानं गट सोडला आणि बीटी पेरली. त्याला दोष कोण देणार?

खरी गोष्ट पुढेच आहे. दोन हंगामांनंतर कुणी पाहणीवाले गावात आले. त्यांच्या हातातल्या यादीत दादाचं नाव होतं. गट क्रमांक होता, दोन एकर होते, आणि पुढे ‘सेंद्रिय कापूस’ असा आकडाही होता. दादानं मला फोनवर सांगितलं ते अजून कानात आहे. “माह्या वावरात तं बीटी उभी हाय. मंग माह्या नावाचा ऑरगॅनिक कापूस पिकला कुठी?”

तो कापूस पिकला होता कागदावर. माझ्या भावाच्या दोन एकरांवर कुणीतरी शाईनं पेरणी केली होती! त्या कागदी कापसाचे कुडते कुठल्या शहरात, किती ज्यादा भावानं विकले गेले, देव जाणे. दादाला त्यातला एक पैसा मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, हा एखाद्या गावचा किस्सा झाला. मग जगजाहीर झालेली गोष्ट सांगते. सेंद्रिय कापडाला शिक्का देणारी एक जागतिक व्यवस्था आहे, तिचं नाव ‘गॉट्स’. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनीच जाहीर केलं की भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या व्यवहारात पद्धतशीर फसवणूक सापडली आहे. वीस हजार टनांपर्यंतच्या कापसाची खरेदी-विक्रीची प्रमाणपत्रंच बनावट होती. प्रमाणपत्रावर मोबाईलनं तपासायची चौकोनी खूण असते ना, ती तपासली तर सरकारी वाटावं असं संकेतस्थळ उघडायचं. पण ते संकेतस्थळही नकली, खऱ्याची हुबेहूब नक्कल करून बसवलेलं! त्या वेळी अकरा कंपन्यांवर बंदी घातली गेली.

वीस हजार टन म्हणजे किती, याचा आपण आपल्या पद्धतीनं हिशेब करू. वीस हजार टन म्हणजे दोन कोटी किलो. कापसाची गाठ १७० किलोची, म्हणजे एक लाख सतरा हजारांवर गाठी. सुती साडी साधारण अर्ध्या किलोची धरली आणि कताई-विणाईतली घट वजा केली, तरी तीन कोटींच्या आसपास साड्या होतील. इतक्या साड्यांचा ‘सेंद्रिय’पणा नुसता कागदावर!

आणि ही काही पहिली वेळ नव्हे. जानेवारी २०१० मध्ये जर्मनीतल्या ‘फायनान्शियल टाइम्स डॉइशलंड’ या वर्तमानपत्रानं बातमी दिली होती. ‘ऑरगॅनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भारतीय कापसाच्या नमुन्यांपैकी तीसएक टक्क्यांत जनुक बदललेला, म्हणजे बीटीसारखा कापूस सापडला होता. ‘एच अँड एम’, ‘सी अँड ए’, ‘चिबो’ अशा मोठमोठ्या दुकानदार कंपन्यांची नावं त्या बातमीत आली. आता विचार करा. २००२ साली आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आज दहातल्या नऊ शेतांत तोच उभा आहे. साधं बियाणं शोधून मिळत नाही, आणि तरी २०२० च्या सुमाराला जगातला निम्म्याच्या घरात सेंद्रिय कापूस आपल्या देशातला म्हणून गणला जात होता. गृहिणीच्या साध्या हिशेबातसुद्धा हे कोडं बसत नाही.

ही फसवणूक होते कशी? शेतकरी कापूस वेचतो. तो जिनिंगमध्ये जातो, तिथे सरकी निघते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. एकदा रुई झाली, की कुठला कापूस कुणाच्या वावरातला हे त्याच्या आईलाही ओळखू येणार नाही! मग सूतगिरणी, मग माग, मग रंगाई, मग शिलाई, मग दुकान. प्रत्येक टप्प्यावर मालाबरोबर एक कागद चालतो. आपल्या देशात २००१ सालापासून सेंद्रिय मालाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि ‘अपेडा’ हे सरकारी प्राधिकरण त्यावर देखरेख करतं. नियम चांगले आहेत. पण एका शेतकऱ्याला तपासणीचा खर्च झेपत नाही, म्हणून शेकडो शेतकऱ्यांचा एक गट करतात. रोजची तपासणी गटानंच करायची, आणि बाहेरचा तपासनीस त्यातली थोडीच शेतं पाहणार. प्रामाणिक गट असेल तर हे उत्तम चालतं. पण प्रामाणिक नसेल, तर साध्या गाठींबरोबर एक बनावट कागद जोडला की झालं. माल तोच, भाव वेगळा.

आता यात बिघडलं काय, फार तर आपले चार पैसे गेले, असं कुणाला वाटेल. तसं असतं तर मी लिहायला बसले नसते. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. घरचा कर्ता पुरुष सकाळी पाठीवर पंप घेऊन गेला आणि संध्याकाळी दवाखान्यात! ज्या बाईनं हे पाहिलंय, तिला विषाशिवाय पिकलेल्या कापसाची किंमत सांगावी लागत नाही. असा कापूस खरोखर पिकायला हवा, आणि पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळायला हवेत. ते चार पैसे द्यायला आपण तयारही असतो. पण बनावट चिठ्ठीवाला मधल्या मध्ये ते उचलतो. खरा सेंद्रिय शेतकरी त्याच्या भावाशी कशी बरोबरी करणार? तो एक दिवस कंटाळतो आणि पुन्हा पाठीवर पंप चढवतो. खोट्या चिठ्ठीचा खरा तोटा हा आहे, बायांनो.

सेंद्रिय कापसाचं झालं, आता बाकीचे हिरवे शब्द पाहू. ‘बांबूचे’ टॉवेल, मोजे आणि आतले कपडे हल्ली तालुक्याच्या गावीही मिळतात. बांबूची टोपली विणतात तसा बांबूचा धागा काढत असतील, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडसारख्या उग्र रसायनांत विरघळवून त्याचा धागा ओढतात. तो असतो व्हिस्कोस, म्हणजे आपल्या ओळखीचं रेयॉन. कापड मऊ असतं, नाही कोण म्हणतंय? पण ‘निसर्गातून थेट तुमच्याकडे’ हे खरं नव्हे. अमेरिकेत २०२२ साली ‘वॉलमार्ट’ आणि ‘कोल्स’ या दोन कंपन्यांना रेयॉनला ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल मिळून पंचावन्न लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे मात्र तोच शब्द बिनघोर फिरतोय.

दुसरा शब्द ‘रिसायकल’. पाण्याच्या बाटल्यांपासून कपडे! बाटली वाया गेली नाही हे चांगलंच. पण तो धागा पॉलिएस्टरचाच राहतो. धुताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर जातात ते जातातच. आणि कित्येकदा चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘रिसायकल’ आणि आत बारीक अक्षरांत ‘वीस टक्के’ असतं. भाजीत चार दाणे शेंगदाण्याचे टाकायचे आणि तिला शेंगदाण्याची भाजी म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

आणि आपली खादी? खादी म्हणजे हातानं कातलेलं सूत हातमागावर विणलेलं कापड, ही व्याख्या १९५६ च्या खादी आयोगाच्या कायद्यातच आहे. तरी जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरचं, १९५४ पासून चालत आलेलं खादी एम्पोरियम चालवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र खुद्द खादी आयोगानं रद्द केलं. खादी नसलेला माल तिथे खादी म्हणून विकला जात असल्याचं तपासणीत आढळलं, असं आयोगाचं म्हणणं होतं. जुन्या नावावर डोळे मिटून विश्वास टाकण्याचे दिवस राहिले नाहीत, हेच खरं.

मग आपण करायचं काय? घाबरून जायचं कारण नाही. आपण वाण्याकडे तूरडाळ घेताना जेवढ्या जागरूक असतो, तेवढंच इथेही पुरे.

आधी चिठ्ठीवरची मोठी अक्षरं सोडून बारीक अक्षरं वाचायची. कोणता धागा किती टक्के, हे लिहिलेलं असतं. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘धरतीला अनुकूल’ या शब्दांना स्वतःचं वजन काही नाही. ते कौतुकाचे शब्द आहेत, मापाचे नव्हेत. ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर कुणी तपासलं त्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक शोधायचा. गॉट्सचा शिक्का खरा असेल तर या दोन्ही गोष्टी त्यासोबत असाव्याच लागतात. ‘ऑरगॅनिक’ म्हणायला निदान पंचाण्णव टक्के धागा सेंद्रिय लागतो. ‘ऑरगॅनिकपासून बनवलेलं’ म्हटलं असेल तर सत्तर टक्क्यांवरही चालतं. घरातल्या मुलामुलींना तो क्रमांक मोबाईलवर शोधायला सांगा. मात्र चिठ्ठीवरची खूण नुसती टिपू नका, संस्थेचं नाव स्वतः टाइप करून शोधा. बनावट संकेतस्थळाची गोष्ट आत्ताच सांगितली ना!

सुती आहे की पॉलिएस्टर, एवढं घरीही कळतं. शिवणीच्या आतला एखादा धागा काढून, चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून पेटवून बघा. पदर मात्र आधी खोचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. पण या परीक्षेला फसू नका. रेयॉनही सुतासारखंच जळतं, आणि सेंद्रिय सूत व साधं सूत यांची राख एकच असते.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हिरव्या दाव्यांवर मार्गदर्शक नियम काढले. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘ऑरगॅनिक’, ‘नैसर्गिक’ असे शब्द नुसते मिरवता येणार नाहीत. दावा कपड्याबद्दल आहे की वेष्टनाबद्दल, ते स्पष्ट सांगायचं आणि पुरावा गिऱ्हाईकाला सापडेल असा ठेवायचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यानं दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक क्रमांक आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. पावती मात्र जपून ठेवा. पावतीशिवाय तक्रार म्हणजे मिठाशिवाय आमटी.

आणि पुरावा नसेल तर? तर कुडता आवडला असेल तर जरूर घ्या, पण साध्या कुडत्याच्या भावानं. ज्यादाचे सहाशे रुपये चिठ्ठीचे असतात, कापडाचे नव्हेत. ते वाचवा. नाहीतर जो विणकर किंवा शेतकऱ्यांचा गट आपलं गाव, आपली माणसं, आपले कागद उघड दाखवतो, त्याच्याकडे आनंदानं खर्च करा. असे गट आहेत, आणि आपल्या प्रश्नाचं त्यांना मुळीच वाईट वाटत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं बरं वाटतं.

आणखी एक सांगते. आपल्या सासूबाईंच्या पिढीनं हिरवी चिठ्ठी कधी पाहिली नाही. पण साडी विरली की तिचं परकर-पोलकं, मग दुपटं, मग वाकळ, आणि शेवटी जात्यापाशी पुसणं व्हायचं. एका साडीनं वीस-वीस वर्षं चाकरी केली. कपडा कितीही ‘इको’ असो, चार वेळा नेसून टाकायचा असेल तर तो धरतीमातेला अनुकूल नाही. कपाटातला जुना कपडा आणखी दोन वर्षं वापरणं, यापुढे सगळ्या चिठ्ठ्या फिक्या आहेत. ही गोष्ट कुठलीच कंपनी जाहिरातीत सांगणार नाही, कारण त्यात तिची विक्री नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी तुमच्यासमोर हिरवं पान धरलं, तर संकोच करू नका. आवाज न चढवता, हसून विचारा, “ताई, हा कापूस कुणी पिकवला आणि हे ज्यादाचे पैसे त्याला पोचतात का?” उत्तर मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर चिठ्ठी परत करा. चार बायका विचारू लागल्या की दुकानदार कंपनीला विचारतो, कंपनी गिरणीला विचारते, आणि गिरणी जिनिंगला विचारते. त्या साखळीच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी भाऊ उभा असतो. त्याच्या नावावर निदान त्याच्या वावरात नसलेला कापूस तरी विकला जायला नको.